मागच्या सीटवरची गोणी

१ मार्च, शनिवार
आज एक प्रकार घडला. तो जसाच्या तसा लिहून ठेवतो, कारण घरात त्याची वेगळी आवृत्ती पसरण्याची शक्यता आहे.

बायकोला, मृणालिनीला, ती शिकवते त्या शाळेतून घेऊन केबिन रोडने घरी निघालो होतो. ती मागे बसली होती आणि मी तिला ओट्यामागच्या टाइल्स पांढऱ्या का नकोत, याची चार कारणं समजावून देत होतो. तीही मधूनमधून काहीतरी बोलत होती. तिसऱ्या कारणापाशी पुढे टेम्पो अडकला म्हणून थांबलो, वाट मिळताच निघालो. चौथं कारण थेट घरापर्यंत, पूनम सागरपर्यंत पुरलं. गाडी स्टँडला लावली, दाराच्या किल्लीसाठी हात मागे केला, तर मागे कोणी नव्हतं.

मृणालिनी पाऊण तासाने रिक्षाने आली. एकाच पायात चप्पल होती. टेम्पोपाशी थांबलो तेव्हा तिची दुसरी चप्पल पडली, ती उचलायला ती उतरली आणि मी निघून आलो, असं तिचं म्हणणं. मी फोन का केला नाहीस विचारलं. तिने नऊ वेळा केला होता. हेल्मेटमध्ये रिंग ऐकू येत नाही हे मी तिला मागेच सांगितलं होतं.

जेवताना ती एवढंच म्हणाली की यापुढे ती माझ्या गाडीवर बसणार नाही. अठ्ठावीस वर्षं बसते आहे.

२ मार्च, रविवार
शांतपणे विचार केला. तीस वर्षं विमा कंपनीत दुचाकी अपघातांचे क्लेम तपासले, त्यामुळे चूक कुठे झाली हे मला लगेच दिसतं. मी क्लच फार अलगद सोडतो. इतका अलगद की मागच्या माणसाला गाडी निघाल्याचं कळतच नाही. शिवाय मागचं वजन अचानक कमी झालं तरी पुढच्याला समजू नये, हा शॉकअॅब्सॉर्बरचा दोष आहे.

हे मृणालिनीला सांगितलं. ती उठून गच्चीतले कपडे काढायला गेली. कपडे तिने सकाळीच काढले होते.

५ मार्च, बुधवार
ती शाळेला शेअर रिक्षाने जाते, येताना अर्धा रस्ता चालत येते. मी गाडी घेऊन रोज शाळेच्या गेटशी उभा राहतो. ती माझ्या समोरून निघून जाते.

आज म्हणाली, "तुम्हाला एकदा सांगितलंय. केबिन रोडवरच सांगितलं होतं."

काय सांगितलं होतं ते मला आठवेना. विचारलं असतं तर आठवत नाही हे तिला कळलं असतं, म्हणून विचारलं नाही. "हो हो, लक्षात आहे," म्हणालो. बहुधा टाइल्सचंच काहीतरी असेल.

९ मार्च, रविवार
प्रगत दुचाकी प्रशिक्षणाला नाव घातलं. दर रविवारी सकाळी, मुर्ध्याला, बंद पडलेल्या मिठागराच्या सपाट जागेवर. शिकवणारा भूपेश तिथल्याच मच्छीमार घरातला, पस्तिशीचा. एका गाड्यांच्या कारखान्यात नव्या मोटारसायकली चालवून बघायचं काम त्याने बारा वर्षं केलं आहे. त्याची आई हौसाबाई शेजारीच काठ्यांवर बोंबील वाळत घालते आणि वर्गावर लक्ष ठेवते.

शिकणारे आम्ही चौघे. भूपेशने प्रत्येकाला का आलात ते विचारलं. ममता नावाची नर्स आहे, ती म्हणाली की रोज घोडबंदर रोडने ड्युटीला जाते, जिवंत पोचायचंय. मी म्हणालो, माझी गाडी प्रमाणाबाहेर अलगद सुटते, त्यामुळे पत्नी मागे राहिली. भूपेशने वहीतून डोकं वर काढलं. मग विचारलं, "काका, निघायच्या आधी मान वळवून मागे बघता का?"

मी सांगितलं की आरसे आहेत, दोन आहेत, आणि दोन हजार अकरापासून माझी मान डावीकडे वळत नाही. त्याने माझ्या नावापुढे लाल पेनाने "मान" असं लिहिलं.

१० मार्च, सोमवार
भूपेशचा शेरा मृणालिनीला सांगितला, की माझा मुख्य दोष म्हणजे मी मागे वळून बघत नाही. ती हसायला लागली ती थांबेचना. पदराने डोळे पुसत म्हणाली की हे कळायला मुर्ध्यापर्यंत जावं लागलं का. यात हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही, पण दहा दिवसांनी ती हसली म्हणून बरं वाटलं.

१६ मार्च, रविवार
आजचा धडा: समोर जे जे दिसतं ते मोठ्याने बोलत गाडी चालवायची. म्हणजे नजर झोपत नाही. मला हे उत्तम जमलं. "डावीकडे रिक्षा, माणूस उतरेल. पुढे म्हैस, उजवीकडे वळायच्या विचारात. स्कूटरवर तिघे, चौथा शक्य." भूपेशने शाबासकी दिली.

१९ मार्च, बुधवार
घरीही सराव सुरू ठेवला आहे. "समोरून मृणालिनी, हातात आमटीचं पातेलं, वेग मध्यम. डावीकडे स्टूल." ती स्टुलाला अडखळली नाही, हे त्यामुळेच. तिने पातेलं ठेवलं आणि जेवायला आपल्या खोलीत निघून गेली.

२३ मार्च, रविवार
आजचा धडा: जिथे बघाल तिथे गाडी जाते. अडथळ्याकडे बघायचंच नाही, मोकळ्या वाटेकडे बघायचं.

वळण घेताना मी हौसाबाईंचे बोंबील लक्षपूर्वक टाळत होतो. त्यासाठी सतत त्यांच्याकडे बघत होतो. मी दोन ओळी घेऊन तिसरीत थांबलो. हेल्मेटमध्येही दोन बोंबील सापडले. हौसाबाईंनी आरडाओरडा केला नाही. काठ्या पुन्हा उभ्या करता करता म्हणाल्या, "तुमची नजर बोंबलांवर, मंग गारी बोंबलांवरच जानार. बायकोवर कदी ठेवली व्हती कं?"

ओळखदेख नसताना हा प्रश्न जरा खाजगी वाटला.

२ एप्रिल, बुधवार
पुढच्या वाहनापासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं, हा नियम आज रस्त्यावर पाळला. अंतर पडताच त्यात एक रिक्षा शिरली. तिच्यापासून दोन सेकंद मागे झालो, तर त्यात स्कूटर आणि पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो शिरला. पुन्हा मागे झालो. पूनम सागरहून स्टेशनकडे निघालो होतो. पाऊण तासानंतर मी घराच्या जास्त जवळ होतो.

१० एप्रिल, गुरुवार
दुसरा नियम: हक्क आपला असला तरी वाट दुसऱ्याला द्यायची. आज कोपऱ्यावरच्या चौकात मी वाट दिली. एकाला दिली की त्याच्यामागच्यालाही द्यावी लागते. बावीस मिनिटं झाली. लोकांना वाटलं मी तिथे नेमलेला आहे. एका बाईने पत्ता विचारला. फरसाणवाल्याने चहा पाठवला. एक गृहस्थ माझ्या हँडलला पिशवी अडकवून म्हणाले, "आप इधरही हो ना? मेरा भाई आयेगा, उसको देना." भाऊ आला, पिशवी दिली, त्याने आभारही मानले.

तेवढ्यात मृणालिनी शाळेतून चालत आली. खांद्याला दोन जड पिशव्या होत्या, त्यातून मुलांनी काढलेल्या चित्रांच्या गुंडाळ्या बाहेर आल्या होत्या. बसतेस का, विचारलं. "तुम्ही कुठे जाताय?" ती म्हणाली. खरं होतं, मी कुठेच जात नव्हतो. ती माझ्याआधी घरी पोचली. तिच्या पाठीकडे बघत मी उभा राहिलो आणि मला फार एकटं वाटलं.

१३ एप्रिल, रविवार
माझ्या दृष्टीने मुख्य धडा आज सुरू झाला. मागे माणूस बसवून गाडी चालवणं. माझ्यासोबत माणूस नाही, म्हणून भूपेशने गोणीत वाळू भरायला सांगितलं. मृणालिनीचं वजन विचारलं. मला माहीत नव्हतं. अंदाजे साठ म्हणालो. गोणी हौसाबाईंची, पूर्वी सुकटीची.

नियम असा. निघण्याआधी मागच्याला "बसलीस?" असं विचारायचं. उत्तर आल्याशिवाय निघायचं नाही. मग मान वळवून खात्री करायची.

मी विचारलं. गोणीने उत्तर दिलं नाही. उत्तर आल्याशिवाय निघायचं नाही, म्हणून मी निघालो नाही. बाकीच्यांच्या तीन फेऱ्या झाल्या. भूपेश म्हणाला, काका, गोणी आहे, चला. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. शेवटी हौसाबाई बोंबलांमधून ओरडल्या, "बसलंव रं बाबा, ने आता." मग निघालो.

१५ एप्रिल, मंगळवार
सरावासाठी गोणी घरी आणली आहे. रोज सकाळी तिला बांधून दोन फेऱ्या मारतो. पडली तर डोक्याला लागू नये म्हणून मृणालिनीचं हेल्मेट तिला घातलं, तसंही ते पडून होतं. वळणावर हळू घेतो, खड्ड्यात अंग उचलतो, प्रत्येक थांब्यावर मागे बघतो. मान बारा अंश वळू लागली आहे.

शेजारच्या हंसाबेन नाकाला पदर लावून लिफ्टमधून उतरल्या आणि जिन्याने गेल्या. सोसायटीची चिठ्ठी आली आहे. गोणीला लिफ्ट बंद, पार्किंगमध्ये ठेवावी.

१७ एप्रिल, गुरुवार
मृणालिनी जेवताना म्हणाली, "गोणीला विचारता बसलीस का म्हणून. वॉचमनने सांगितलं."

मी म्हणालो, शास्त्र आहे ते.

ती म्हणाली, "काय म्हणते?"

"काही म्हणत नाही."

"तिचंही एकदा सांगून झालं असेल," ती म्हणाली आणि ताटं उचलली.

२२ एप्रिल, मंगळवार
सराव: "दारातून मृणालिनी. काखेत शाळेच्या भिंतीवरचं घड्याळ, हातात खोका. खोक्यात तिचा स्टीलचा पेला, डस्टर, रंगीत खडू. धोका नाही." सुट्टीत शाळांमध्ये चोऱ्या होतात, म्हणून सामान घरी आणत असावी. दूरदृष्टी आहे. घड्याळ तिने हॉलमध्ये लावलं नाही. पलंगाखाली ठेवलं. ते अजून चालू आहे, टकटक ऐकू येते.

२६ एप्रिल, शनिवार
शाळेचा आज शेवटचा दिवस. सुट्टी लागली. कसलासा कार्यक्रम होता वाटतं, शाल आणि नारळ घेऊन आली. थकलेली दिसली. मी तिला मानेची प्रगती सांगितली. आता वीस अंश.

२७ एप्रिल, रविवार
गोणीवरून दोरी घसरते. कपाटात वरच एक नवी जांभळी शाल होती, या उकाड्यात कोण वापरणार, म्हणून ती गोणीला गुंडाळली आणि वरून दोरी बांधली. पकड छान बसली. शिवाय हेल्मेट आणि शाल यामुळे गोणीला एक व्यक्तिमत्त्व आलं. चौकात एका पोलिसाने तिला "मॅडम, हेल्मेट का बक्कल लगाओ" म्हटलं.

निघताना वर बघितलं तर मृणालिनी बाल्कनीत उभी होती. मी हात केला. ती आत गेली.

२९ एप्रिल, मंगळवार
आज ती दिवसभर बोलली नाही. संपदाचा पुण्याहून फोन आला तेव्हा दार लावून तासभर बोलली. नंतर संपदा मला म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला काही विचारलंत का?" मी म्हणालो, रोज विचारतो, बसतेस का म्हणून. माझ्या लेकीने फोन ठेवला. नेटवर्क गेलं असावं.

जिन्यात हंसाबेन भेटल्या. वासाबद्दल बोलतील असं वाटलं होतं, पण फार मायेने म्हणाल्या, "अभी आगे क्या करेंगी भाभी?" मी त्यांना धीर दिला. म्हणालो, माझं सर्टिफिकेट येईपर्यंत रिक्षाच करेल.

४ मे, रविवार
घरी नारळाच्या वड्या झाल्या. उत्कृष्ट. मी सहा खाल्ल्या. मृणालिनीने एकही खाल्ली नाही.

१८ मे, रविवार
पुढच्या रविवारी परीक्षा. भूपेशने स्पष्ट सांगितलं की परीक्षेला जिवंत माणूस लागतो, गोणी चालणार नाही. ममता आपल्या सासूला आणणार आहे. अकरा आठवडे ज्यासाठी शिकलो तेच मागायचं होतं आणि मागायला तोंड उघडेना.

रात्री जेवताना विचारलं. ती नाहीच म्हणणार असं धरून मी परीक्षेची पूर्ण पद्धत सांगायला घेतली. आधी विचारायचं, उत्तर मिळाल्याशिवाय निघायचं नाही, मग मान.

ती म्हणाली, "उत्तर मिळाल्याशिवाय निघायचं नाही?"

"अजिबात नाही."

"कितीही वेळ लागला तरी?"

"नियमच आहे तसा."

ती म्हणाली, "येते मी. पण मुर्ध्यापर्यंत रिक्षाने."

आनंदाने मला झोप लागत नाही.

२५ मे, रविवार
सगळं नीट लिहायला हवं.

मृणालिनी आठ वाजता आली. हौसाबाईंनी तिला बसायला पाट दिला आणि दोघी कुजबुजत बसल्या. माझं नाव पुकारल्यावर ती आली, हेल्मेट घातलं, मागे बसली. मार्चनंतर पहिल्यांदा माझ्या खांद्यावर तिचा हात पडला. तो गोणीपेक्षा फारच हलका होता.

भूपेशने घड्याळ सुरू केलं. दहा मिनिटांत फेरी पुरी करायची होती. मी विचारलं, "बसलीस?"

उत्तर आलं नाही.

पुन्हा विचारलं. मागे फक्त श्वास ऐकू येत होता. गाडी चालू होती, क्लच दाबून डावा हात दुखायला लागला. दोन मिनिटं गेली, मग तीन. भूपेशने घड्याळाकडे बोट दाखवलं. मी हललो नाही. नियमासाठी हललो नाही असं मला तेव्हा वाटत होतं, पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती. निघालो आणि ती मागे नसली तर.

मग ती म्हणाली, "त्या दिवशी केबिन रोडवर मी तुम्हाला काहीतरी सांगत होते."

मी इंजिन बंद केलं. टाकीवर हात टेकून डावीकडे वळलो. मान वळली. कधी नव्हे इतकी वळली आणि कळ थेट कमरेपर्यंत गेली, पण मला तिचा चेहरा दिसला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. किती दिवसांपासून, मला माहीत नाही.

"मराठी विभाग बंद केला," ती म्हणाली. "मुलंच उरली नाहीत. सव्वीस एप्रिलला शेवटचा दिवस होता. मला तिथे बावीस वर्षं झाली होती. शाल दिली त्यांनी."

शाल समोरच होती. हौसाबाईंना परत द्यायला आणलेली गोणी खांबाला टेकून बसली होती, अंगावर जांभळी शाल, वरून नायलॉनची दोरी. मी त्या शालीकडे बघितलं, मग सगळं एकेक करून दिसत गेलं, चित्रं, घड्याळ, खोका, वड्या. समोर दिसेल ते मोठ्याने बोलायचं मला उत्तम जमतं, असा शेरा आहे. त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मला लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

हौसाबाई उठल्या. गोणीची दोरी सोडली, शाल झटकली, नीट चौकोनी घडी घातली आणि मृणालिनीच्या मांडीवर ठेवली. "सुकटीचा वास हाय," म्हणाल्या, "दोन दिस उनात टाक, बाय." मग माझ्याकडे न बघता बोंबलांकडे गेल्या.

"मला पुन्हा का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगणार होते. तुम्ही म्हणालात, लक्षात आहे."

भूपेशने शिट्टी वाजवली. वेळ संपली होती. गाडी जागची एक इंचही हलली नव्हती. त्याने माझ्या नावापुढे "नापास" लिहिलं, आणि "मान" हा लाल शब्द खोडला. पुढच्या महिन्यात पुन्हा बसा म्हणाला.

रिक्षा बघतेस का, मी तिला विचारलं. ती उतरलीच नव्हती. "आता बसलेय तर राहू दे," म्हणाली.

मुर्ध्याहून पूनम सागरपर्यंत मला सव्वा तास लागला. ताशी अठराच्या वर गेलो नाही. मी एक शब्द बोललो नाही, ती बोलत होती. शेवटच्या वर्गात अकरा मुलं होती. श्रावणी दोन होत्या, एक गोरी, एक दात पडलेली. वेदांत पाढे म्हणताना डोळे मिटतो. मानसी आता आजोळी शिकणार, पालघरला. साहिल, यश, ओवी, आर्यन यांना इंग्रजी शाळेत घातलं. कुणालला अजून कुठेच शाळा मिळालेली नाही. स्वरा शेवटच्या दिवशी फळ्यावर बाईंचं नाव लिहून पुसू देईना. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, एकाने शिवी दिली, मी सगळ्यांना वाट देत होतो.

अकराव्या मुलाचं नाव मात्र त्या हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. हो हो म्हणावंसं वाटलं. गाडी कडेला घेतली, थांबवली, मान वळवली आणि तिला ते नाव पुन्हा विचारलं.